सासूबाईंच्या आजीचा माग

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझ्या सासूबाईंना ऐंशी वर्षे पूर्ण झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी एक काम माझ्यावर सोपवले. त्यांची आजी, म्हणजे आईची आई, इंग्लंडमधील लँकेशर परगण्यातल्या डार्वेन या गिरणीगावात मागावर काम करीत असे, आणि १९३१ साली महात्मा गांधी तिथे आले तेव्हा त्यांना पाहायला जमलेल्या बायकांत तीही होती, असे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. याखेरीज आजीविषयी त्यांना जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते. तिचे माहेर कोणते, तिची आई कोण, ती कितव्या वर्षी गिरणीत गेली, हे विचारायचे राहून गेले होते आणि सांगू शकणारी माणसे आता उरली नव्हती. मी मूळची अकोल्याची. लग्नानंतर मँचेस्टरजवळ स्थायिक झाले. असे संशोधन मी पूर्वी कधी केले नव्हते, परंतु माझ्या मुलांच्या एका बाजूची माणसे कोण होती हे मलाही जाणून घ्यायचे होते, म्हणून मी होकार दिला. काम पुरे व्हायला सुमारे दीड वर्ष लागले. ब्रिटनमध्ये संसार असलेल्या, किंवा ज्यांच्या घराण्यात कोणी ब्रिटिश पूर्वज आहे अशा मराठी वाचकांना सुरुवातीची धास्ती कमी वाटावी, यासाठी सगळा क्रम तपशीलवार लिहीत आहे.

ब्रिटिश पूर्वज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कलेक्टर, लष्करी अधिकारी किंवा चहामळ्यांचे मालक येतात. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातील बहुतेक ब्रिटिश माणसे गिरणीकामगार, खाणकामगार, शेतमजूर किंवा दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या मोलकरणी होती. त्यांनी पत्रे आणि रोजनिश्या मागे ठेवल्या नाहीत. सरकारला, चर्चला किंवा शाळेला जेव्हा त्यांची नोंद करावीशी वाटली तेव्हाच त्यांची नावे कागदावर आली. त्यामुळे अशा माणसांचा शोध म्हणजे ती नोंद कोणी, कशासाठी आणि कधी केली याचा शोध असतो, आणि हे एकदा लक्षात आले की पुढचा मार्ग बराच सोपा होतो.

मार्चमध्ये पहिली बैठक सासूबाईंबरोबरच झाली. हयात माणसापासून सुरुवात करायची आणि एकेक पिढी मागे जायचे, मधली पायरी कधीही गाळायची नाही, हा या कामाचा पहिला नियम आहे. त्यांच्या परवानगीने मी बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतले. नावे आणि तारखा विचारल्या तर वृद्ध माणसांना उत्तर येत नाही म्हणून संकोच वाटतो. त्याऐवजी आजीच्या घरी कोणत्या रस्त्याने जात होतात, रविवारी ती कोणत्या प्रार्थनामंदिरात जाई, शेजारी कोण राहत असे, असे विचारले तर आठवणी आपोआप निघतात. त्या दुपारी आजीच्या शेवटच्या घराचा रस्ता कळला, ती मेथडिस्ट पंथाची होती हे कळले, आणि सासूबाईंच्या आईचा विवाहाचा दाखला हाती आला. मी एक वही केली. जे कागदावर सापडले ते शाईने आणि जे केवळ संभवते ते पेन्सिलीने लिहायचे, असे पहिल्या दिवशीच ठरवले. पुढे या सवयीचा फार उपयोग झाला.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्याआधीचे शोधायचे तर चर्चच्या नोंदवह्या पाहाव्या लागतात; त्यांची सुरुवात १५३८ साली झाली. स्कॉटलंडची सरकारी नोंदणी वेगळी असून ती १८५५ पासूनची आहे. जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत आली, पण घरातील प्रत्येकाचे नाव असलेले कागद १८४१ पासून मिळतात, आणि शंभर वर्षे उलटल्याखेरीज ते लोकांसाठी खुले होत नाहीत. आज खुली असलेली सर्वांत अलीकडची जनगणना १९२१ची आहे. १९३१च्या जनगणनेचे सगळे कागद डिसेंबर १९४२ मध्ये एका गोदामाला लागलेल्या आगीत जळाले आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. आम्हाला नेमके १९३१ हवे होते, म्हणून हे वाचून मी थोडी खचले. मात्र या पोकळीत एक आधार आहे: युद्ध सुरू होताच ओळखपत्रे देण्यासाठी २९ सप्टेंबर १९३९ रोजी सरकारने सर्व नागरिकांची नोंद केली होती, आणि ती पाहता येते.

त्या नोंदीत आजी सापडली. १९३९च्या नोंदीत वय नसते, पूर्ण जन्मतारीख असते, त्यामुळे तिची जन्मतारीख मिळाली: १८९३चा वसंत. व्यवसायाच्या रकान्यात ‘कापसाची विणकर’ असे होते. शेजारपाजारच्या बहुतेक विवाहित बायकांपुढे ‘बिनपगारी घरकाम’ असे लिहिलेले असताना सेहेचाळीस वर्षांची ही बाई अजून मागावर होती. तिच्या खालच्या ओळीत सासूबाईंची आई होती. तिच्या माहेरच्या आडनावावर काट मारून नंतरच्या लग्नाचे आडनाव वर लिहिलेले होते, कारण ही नोंदवही पुढे राष्ट्रीय आरोग्यसेवेने अनेक दशके वापरली. स्त्रियांचा शोध घेताना या वरच्या बारीक अक्षरांकडे दुर्लक्ष करू नये. ज्यांचे जन्म शंभर वर्षांच्या आतले आहेत आणि ज्यांचा मृत्यू सिद्ध झालेला नाही, त्यांच्या ओळी झाकलेल्या असतात. त्या पाहून घाबरून जाऊ नये.

एप्रिलमध्ये मी १९२१च्या जनगणनेकडे वळले. ती घरबसल्या पाहायची तर पैसे मोजावे लागतात, परंतु मँचेस्टरच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील संगणकांवर ती विनामूल्य पाहता येते, म्हणून एका शनिवारी तिथे गेले. सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे इथल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत वंशावळीच्या मोठ्या संकेतस्थळांचा वापर विनामूल्य असतो. वार्षिक वर्गणी भरण्याआधी आपल्या ग्रंथालयात विचारून घ्यावे. माझे बरेच पैसे त्यामुळे वाचले. १९२१ची जनगणना संपाच्या भीतीने एप्रिलमधून पुढे ढकलून १९ जूनला घेतली गेली होती आणि तीत प्रथमच मालकाचे नाव आणि कामाचे ठिकाण विचारले गेले. त्यामुळे आजी कोणत्या गिरणीत जात होती हे पहिल्यांदा कळले. गिरणी घरापासून पायी दहा मिनिटांवर असावी. तिच्या नवऱ्यापुढे ‘काम नाही’ असे लिहिले होते. त्या उन्हाळ्यात कापडधंद्यात मोठी मंदी होती आणि त्याच पानांवर हे दोन शब्द मला पुन्हा पुन्हा दिसत राहिले. घरात तीन वर्षांची मुलगी, म्हणजे सासूबाईंची आई, होती.

यापुढचा कागद सर्वांत जास्त बोलका निघाला. २ एप्रिल १९११च्या जनगणनेचे तक्ते कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेले आहेत आणि ते तसेच जपले गेले आहेत. आधीच्या जनगणनांत आपल्याला दिसते ती प्रगणकाने केलेली नक्कल. आजी तेव्हा सतरा वर्षांची असून आईवडिलांकडे राहत होती. तिच्या वडिलांचे अक्षर मोठे, सावकाश काढलेले आणि ओळ सोडून वर जाणारे होते. त्या वर्षी विवाहित स्त्रियांबद्दल एक विशेष प्रश्न होता: लग्नाला किती वर्षे झाली, एकूण किती मुले जिवंत जन्मली, किती हयात आहेत आणि किती वारली. उत्तर असे होते: तेवीस वर्षे, नऊ, पाच, चार.

हे चार कोण होते, हे शोधायचे मी त्याच रात्री ठरवले. त्यासाठी आजीच्या आईचे माहेरचे आडनाव हवे होते. जनरल रजिस्टर ऑफिस, म्हणजे जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी सांभाळणारे सरकारी कार्यालय, याच्या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडता येते आणि तिथल्या जन्मांच्या सूचीत अगदी १८३७ पासून आईचे माहेरचे आडनाव दिलेले असते. जुन्या छापील सूचींत ते १९११च्या उत्तरार्धापासूनच मिळते. डार्वेनची नोंदणी ब्लॅकबर्न जिल्ह्यात होत असे आणि तिचा खंडक्रमांक ८ई आहे, तेव्हा हा क्रमांक पाहिला की आपण योग्य परिसरात आहोत हे समजते. सूची तिमाहीची असते, आणि ती तिमाही जन्माची नसून नोंदणीची असते. नोंदणीला सहा आठवड्यांची मुदत असल्यामुळे मेअखेरचे मूल जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत सापडू शकते. १८९३ मध्ये त्याच नावाच्या तीन मुली ब्लॅकबर्न जिल्ह्यात नोंदल्या गेल्या होत्या. १९३९ची जन्मतारीख आणि १९११च्या तक्त्यातील आईचे पहिले नाव हाताशी असल्यामुळे तिघींतली आपली कोण हे ठरवणे शक्य झाले, पण खात्री झाली ती दाखल्याची प्रत पाहिल्यावरच.

खर्चाचे इथेच सांगते. मी मागवले तेव्हा जुन्या जन्माच्या नोंदीची संगणकावर लगेच दिसणारी प्रतिमा ३ पौंडांना, पीडीएफ प्रत ८ पौंडांना आणि टपालाने येणारा कागदी दाखला साडेबारा पौंडांना मिळत होता. विवाहांना पहिल्या दोन सोयी नाहीत, कागदी दाखलाच घ्यावा लागतो. सगळे दाखले एकदम मागवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण एका दाखल्यातून पुढचा कोणता लागेल हे कळते.

माहेरचे आडनाव मिळाल्यावर त्या जोडीची सगळी मुले सूचीतून काढता आली. नऊ नावे जुळली. मग मृत्यूंची सूची उघडली आणि चार लहान वये एकामागून एक समोर आली. त्यांच्या मृत्यूच्या नोंदी मी पीडीएफ स्वरूपात मागवल्या; काही दिवसांत त्या ईमेलने आल्या. १८८९ मध्ये सात महिन्यांचा मुलगा अतिसाराने गेला. १८९६ मध्ये दोन वर्षांची मुलगी गोवर आणि त्यानंतरच्या न्यूमोनियाने गेली. १८९९ मध्ये अपुऱ्या दिवसांचे एक मूल एकच दिवस जगले, आणि १९०४ मध्ये अकरा महिन्यांचा मुलगा डांग्या खोकल्याने गेला. त्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे दीडशे पहिल्या वर्षातच दगावत, हे मी वाचले होते. परंतु एकाच घराचे चार कागद ओळीने वाचणे वेगळे असते, आणि त्या संध्याकाळी मला पुढे काही करता आले नाही.

मृत्यूच्या दाखल्यात खबर देणाऱ्याचा रकाना असतो आणि बरेच लोक तो वाचत नाहीत. पहिल्या बाळाच्या वेळी खबर देणारी ‘आजी, मृत्यूसमयी उपस्थित’ अशी होती आणि तिच्या नावापुढे सहीऐवजी फुलीची नोंद होती. बाळाची आई त्या दिवशी कुठे होती हे कागद सांगत नाही. पण १८९१च्या जनगणनेत ती विणकर म्हणून नोंदलेली आहे आणि बाळाची आजी त्याच घरात राहते, तिच्यापुढे व्यवसाय लिहिलेला नाही. सून किंवा लेक मागावर आणि बाळ आजीजवळ, ही रीत त्या गावांत सर्रास होती. बाळंतपणानंतर चार आठवडे बाईला कामावर घेऊ नये, असा कायदाही १८९१ मध्ये यावा लागला. हे मी वहीत पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

सासूबाईंना हे सांगावे की नाही, याचा मी बराच विचार केला आणि शेवटी चारही कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांच्या आजीने चार भावंडे गमावली होती आणि त्याबद्दल घरात कधी एक शब्दही निघाला नव्हता. त्यांनी नावे वाचून घेतली आणि ती मुले पुरली कुठे, एवढेच विचारले. मी नगरपालिकेच्या दफनभूमी कार्यालयाकडे शुल्क भरून अर्ज केला. उत्तर यायला बरेच आठवडे लागले. दोघांच्या नोंदी सार्वजनिक थडग्यांत मिळाल्या. ज्यांना स्वतःची जागा विकत घेणे परवडत नसे अशा अनेक कुटुंबांतील माणसांना अशा थडग्यात एकत्र पुरत आणि वर दगड लावत नसत. कार्यालयाने नकाशावर खूण करून दिली, आणि ऑगस्टमध्ये आम्ही दोघी तिथे जाऊन आलो.

त्यामागची पिढी तुलनेने लवकर उलगडली. १८८७च्या विवाहाच्या दाखल्यावर वर आणि वधू दोघांच्याही वडिलांची नावे आणि व्यवसाय होते. आयांची नावे नव्हती; इंग्लंड-वेल्समधील विवाहनोंदीत आईचे नाव घालण्याची तरतूद ४ मे २०२१ पासूनच अमलात आली. म्हणून आईकडून आईकडे जाणारी वाट नेहमी जन्माच्या दाखल्यांतून काढावी लागते. त्याआधीच्या पिढीचा १८६३चा विवाह चर्चमध्ये झालेला होता. लँकेशरमधील असंख्य चर्चवह्या स्वयंसेवकांनी वाचून ‘लँकेशर ऑनलाइन पॅरिश क्लर्क्स’ या प्रकल्पात विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत, त्यामुळे तो विवाह पैसे न देता मिळाला. या स्वयंसेवकांचे ऋण फार मोठे आहे. वधूने, म्हणजे फुली करणाऱ्या त्याच आजीने, इथेही फुलीच केली होती.

या बाईपाशी मी बराच काळ थांबले, आणि त्याला माझे स्वतःचे कारण होते. ७ एप्रिल १८६१च्या जनगणनेत ती एकोणीस वर्षांची विणकर आहे. घरात विधवा आई, विणकर असलेल्या दोन बहिणी आणि अर्धा दिवस गिरणीत व अर्धा दिवस शाळेत जाणारा नऊ वर्षांचा भाऊ आहे. त्यानंतर पाचच दिवसांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशरच्या गिरण्या अमेरिकेतील दक्षिणेकडच्या संस्थानांच्या कापसावर चालत; तिथल्या बंदरांची नाकेबंदी झाली तशा १८६२ पर्यंत त्या बंद पडू लागल्या आणि लाखो लोक मदतीवर जगू लागले. या काळाला तिथे कापसाचा दुष्काळ म्हणतात. बेकार पुरुषांना रस्ते आणि बागा तयार करण्याची कामे दिली गेली, प्रेस्टनमधील एव्हनहॅम आणि मिलर या बागांवर अशाच कामगारांचे हात लागलेले आहेत. बेकार बायकांसाठी शिवणवर्ग निघाले, जिथे हजेरी लावली की थोडे पैसे मिळत. ही बाई अशा वर्गात गेली होती का, याचा नावानिशी पुरावा मिळाला नाही. मात्र तिचे लग्न याच दिवसांतले, १८६३ सालचे आहे.

अमेरिकी कापूस थांबला तेव्हा मुंबईच्या बंदरातून पूर्वीपेक्षा खूप जास्त कापूस जाऊ लागला. वऱ्हाड-खानदेशातलाही कापूस त्यात होता, पण लँकेशरमध्ये त्या सगळ्याला सरसकट ‘सुरती’ म्हणत. मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला, हे आपल्याला शाळेत शिकवलेले असते. त्याच कापसाची दुसरी बाजू मला डार्वेनमध्ये दिसली. तो आखूड धाग्याचा आणि कचरा असलेला होता. सूत सारखे तुटे, माग थांबवून गाठी मारत बसावे लागे, आणि मजुरी कापडाच्या मापावर असल्यामुळे दिवसभर राबूनही हातात कमी पडे. देवा, कापूस दे पण सुरती देऊ नकोस, अशी प्रार्थना तेव्हा केली जाई, असे सांगतात. माझ्या आजोबांच्या शेतात कापूस होता आणि आमच्या घरी त्याला पांढरे सोने म्हणत. सासूबाईंच्या खापरपणजीच्या बोटांना ज्याने छळले तो कापूस माझ्याच मुलखातला असू शकतो, ही गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा आम्ही दोघीही काही वेळ नकाशा पाहत बसलो.

ऑक्टोबरमध्ये प्रेस्टन येथील लँकेशर पुराभिलेखागारात गेले. जाण्याआधी ऑनलाइन सूचीतून कागदांचे क्रमांक लिहून ठेवावेत आणि नाव-पत्त्याचा पुरावा न्यावा. वाचककार्ड विनामूल्य मिळते. आत शाईचे पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी. छायाचित्रे घेण्याचे शुल्क वेगळे असते, पण ते भरणे परवडते, कारण घरी येऊन सावकाश वाचता येते. मला शाळेची दैनंदिनी हवी होती. १८६०च्या दशकापासून सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांच्या मुख्याध्यापकांना अशी वही लिहावीच लागे. मुलांची नावे तीत क्वचितच येतात, पण त्यांचे जग येते. १८९६च्या वसंतातल्या पानावर गोवरामुळे शाळा तीन आठवडे बंद ठेवण्याचा वैद्यकीय अधिकाऱ्याचा आदेश होता. दोन वर्षांच्या त्या मुलीचा मृत्यू याच तीन आठवड्यांतला होता.

१९०५च्या पानांवर अर्धवेळ मुलांबद्दल मुख्याध्यापकांची तक्रार होती की दुपारच्या वर्गात ती जागीच राहत नाहीत. आजीला त्या वर्षी बारा पुरी झाली, आणि अर्धवेळ कामाचे तेव्हाचे किमान वय तेच होते. एक आठवडा सकाळी सहापासून दुपारपर्यंत गिरणी आणि मग शाळा, दुसऱ्या आठवड्यात याच्या उलट, अशी ही पद्धत होती. ती बंद करणारा कायदा १९१८ मध्ये झाला. आजी अर्धवेळ जात होती हे पेन्सिलीने लिहिले आहे, कारण तिचे प्रमाणपत्र सापडले नाही. पण सासूबाईंना एक गोष्ट आठवली: आजी बोलताना ओठ फार स्पष्ट हलवीत असे आणि खोलीच्या पलीकडून आवाज न करता बोलू शके.

त्याचा उलगडा बर्नलीजवळच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये झाला. हे आता वस्तुसंग्रहालय आहे आणि तिथे जुने लँकेशर माग अजून चालवून दाखवतात. २०२५च्या उन्हाळ्यात आम्ही सगळे गेलो. शेकडो मागांच्या त्या प्रचंड दालनात थोडेच माग सुरू केले होते, तरी शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. सगळे माग एकदम चालत तेव्हा बायका ओठांच्या हालचालींवरून बोलत आणि त्या बोलण्याला ‘मीमॉइंग’ म्हणत. एका विणकराकडे साधारणपणे चार माग असत. धोट्यातल्या (मागावर आडवे सूत ने-आण करणाऱ्या साधनातल्या) नव्या कांडीचे सूत छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि तोच धोटा एकीमागून एक अनेकींच्या तोंडाला लागे. सूत तुटू नये म्हणून हवेत वाफ सोडत. विणकामात बायकांना आणि पुरुषांना मापाचा दर एकच होता, ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट होती, आणि तिथल्या बायका लग्नानंतरही काम का सोडत नसत हे त्यावरून समजते. जनगणनेतल्या ‘विणकर’ या एका शब्दाचा अर्थ मला त्या दालनात उभे राहिल्यावर कळला. ज्यांना शक्य आहे त्यांनी पूर्वजांच्या धंद्याचे असे ठिकाण अवश्य पाहावे.

राहिला गांधीजींचा प्रश्न. गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला आले असताना सप्टेंबर १९३१च्या अखेरीस डार्वेनला गेले आणि तिथल्या स्प्रिंग व्हेल भागात राहिले. या परिसरातील गिरण्या हिंदुस्थानसाठी धोतरे आणि साधे कापड विणत, हिंदुस्थान हेच लँकेशरचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते, आणि परदेशी कापडावरील बहिष्काराने मंदीत आणखी भर पडून हजारो मागांची कामे थांबली होती. तरीही गिरणीतल्या बायकांनी त्यांना घेरून जयघोष केला, ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. जनगणना जळालेली असल्यामुळे मी १९३१ची मतदारयादी पाहिली. १९२८च्या कायद्याने एकवीस वर्षांवरील सर्व स्त्रियांना मत मिळाले होते, म्हणून त्यानंतरच्या याद्यांत कष्टकरी बायकाही सापडतात. आजीचे नाव होते, आणि पत्ता स्प्रिंग व्हेलपासून थोड्या अंतरावरचा होता. स्थानिक वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत भेटीच्या बातम्या मिळाल्या. गर्दीतल्या बायकांची नावे अर्थातच नव्हती. छायाचित्रातील एक चेहरा सासूबाईंना ओळखीचा वाटतो. मला तसे खात्रीने म्हणता येत नाही आणि मी ते त्यांना सांगितले आहे. ती डार्वेनमध्ये होती, चालत जाण्याइतकी जवळ होती, हे शाईने लिहिले आहे. ती गर्दीत होती, हे पेन्सिलीने.

एकूण खर्च प्रवास धरून दीडशे पौंडांच्या आसपास झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये मी सगळे कागद वर्षवार लावून, प्रत्येकामागे तो कुठून मिळाला हे लिहून, सासूबाईंना एक फाइल दिली. असा उगम लिहिलेला नसेल तर पुढच्या माणसाला सगळे पुन्हा शोधावे लागते.

आता त्यांच्या वडिलांची बाजू हाती घेतली आहे. ते घराणे आयर्लंडच्या मेयो परगण्यातून आलेले असून तिथली परिस्थिती वेगळी आहे, कारण डब्लिनच्या अभिलेखागाराला १९२२ मध्ये लागलेल्या आगीत फार मोठा संग्रह नष्ट झाला. १९०१ आणि १९११च्या आयरिश जनगणना मात्र शाबूत असून विनामूल्य पाहता येतात. मेयोमध्ये त्या घराण्याच्या आडनावाचे एक कुटुंब त्यांत सापडले आहे; भाषेच्या रकान्यात ‘आयरिश आणि इंग्रजी’ असे आहे. ते आमचेच आहे का, हे ठरवण्यासाठी आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने खुल्या केलेल्या कॅथलिक चर्चवह्यांची पाने सध्या एकेक करून वाचते आहे.